डोलणारी मान आणि कललेली मान



आजचा विषय वाचून तुमच्यातल्या निम्म्या जणी नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे. विषय आहे उंदीर. तोही धान्याच्या कोठीतला नव्हे, पाळलेला. पण गेल्या वर्षभरात तिघींनी मला हाच प्रश्न विचारला. मुलांनी हट्टानं पांढरे उंदीर आणले, आता ते मान हलवतात, डोळे फिरवतात, थरथरतात, तर काय करायचं? एकीनं तर विचारलं, "अगं, याला फीट येते की अंगात येतं?" म्हणून म्हटलं, आपल्या घरात जे घडलं ते एकदा सगळं लिहूनच काढावं.

माझं म्हणणं आधीच सांगते. जीवदया म्हणजे नुसतं न मारणं नव्हे. ज्या जीवाला आपण पिंजऱ्यात कोंडलं, त्याच्याकडे रोज नीट बघणं, त्याचं अंग वेगळं हललं तर ते का हललं हे समजून घेणं आणि गरज पडली तर वेळेत डॉक्टरकडे नेणं, हाही जीवदयेचाच भाग आहे. हे मी ग्रंथातून शिकले नाही. चूक करून शिकले.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझा भाचा पुण्याहून एका खोक्यात दोन पांढऱ्या उंदरी घेऊन आला. एका दुकानात त्या सापांचं खाद्य म्हणून विकायला ठेवल्या होत्या, ते त्याला बघवलं नाही. होस्टेलवर ठेवता येईनात, म्हणून स्वारी मावशीच्या दारात. सासूबाई म्हणाल्या, "घरात उंदीर आले तरी आपण सापळा लावत नाही, ते ठीक. पण म्हणून पाळायचे?" लेकीनं मात्र तोवर नावंही ठेवली होती. दोघी पांढऱ्याशुभ्र, म्हणून एक खडी आणि एक साखर.

पहिल्याच आठवड्यात साखरेनं मला घाबरवलं. पिंजऱ्याच्या कडेला उभी राहायची, समोर एकटक बघायची आणि मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे संथ डोलवत राहायची. मी ओव्याची पुरचुंडी शेकून तिच्याजवळ ठेवली, णमोकार म्हटला, रात्रभर झोपले नाही. सकाळी डॉक्टरांना दाखवलं तर ते हसले. म्हणाले, "ताई, हिचे डोळे लाल आहेत ना? त्यात रंगद्रव्य नाही. अशा उंदरांना फार अंधुक दिसतं. एखादी वस्तू किती लांब आहे हे कळावं म्हणून ती मान हलवते."

हे मला एसटीच्या खिडकीतून कळलं. गाडी चालू झाली की जवळची बाभळीची झाडं झरझर मागे पळतात आणि लांबचा डोंगर हळूहळू सरकतो. त्यावरूनच आपल्याला कळतं, काय जवळ आणि काय लांब. साखर गाडीत बसलेली नव्हती, म्हणून मानच हलवून ती जवळचं-लांबचं मोजत होती. तो आजार नव्हता, तिची युक्ती होती.

अशा निरुपद्रवी हालचाली बऱ्याच आहेत. नव्यानं उंदीर आलेल्या घरी त्या माहीत असाव्यात, म्हणून सांगते.

मांडीवर घेऊन कुरवाळलं की उंदीर दातावर दात घासतो, बारीक करकर आवाज येतो, आणि मग डोळे आतबाहेर होऊ लागतात. बघताना भयंकर वाटतं. पण जबड्याचा एक स्नायू डोळ्यामागून जातो, दात घासले की तो डोळ्याला ढकलतो, एवढंच. बहुतेक वेळा हे समाधानाचं लक्षण असतं. मात्र उंदीर अंग आक्रसून, केस फुलवून कोपऱ्यात बसला असेल आणि तेव्हा दात घासत असेल, तर ते दुखण्याचंही असू शकतं. बाकीचं अंग काय सांगतंय ते बघायचं.

मादीचे कान अचानक थरथरायला लागतात, ती टुणकन उडी मारून पळते, आणि पाठीला हात लावला की जागीच थिजून पाठ खोलगट करते. मला वाटलं अर्धांगवायू झाला. शेवटी सासूबाईंनीच ओळखलं. माहेरी त्यांचा गोठा होता. म्हणाल्या, "अगं, म्हैस माजावर येते तसं आहे हे." खरंच तसं होतं. उंदराच्या मादीला दर चार-पाच दिवसांनी हे होतं आणि एका रात्रीत ओसरतं.

झोपेत पाय झटकणं, मिशा थरथरणं हेही तसंच. आपली तान्ही बाळं झोपेत हसतात, तसंच ते.

तर साखरेच्या मानेनं मी शहाणी झाले, आणि नंतर जरा जास्तच शहाणी झाले. काही दिसलं की मी लेकीला सांगायची, "असू दे गं, स्वभावच आहे त्यांचा." पुढच्या वैशाखात खडीची मान एका बाजूला कलली. लेक म्हणाली, "आई, ही वाकडं बघतेय." मी म्हटलं, "साखर नाही का डोलत? तसंच असेल." घरात पुतणीच्या लग्नाची गडबड होती, रुखवताचे डबे भरायचे होते. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी खडी एकाच दिशेनं गोल गोल फिरत होती आणि कडेवर लोळत होती. तिला सरळ उभं राहता येत नव्हतं.

आतल्या कानाला संसर्ग झाला होता. तोल सांभाळणारी यंत्रणा तिथेच असते, ती सुजली की मान कलते, मग फिरणं, मग लोळणं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक आणि सूज उतरवणारं औषध दिलं. खडी वाचली. पण मान तशीच वाकडी राहिली, कायमची. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या दिवशी आला असता तर कदाचित सरळ झाली असती." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

डोलणारी मान आणि कललेली मान यात फरक एवढाच: डोलणारी मान मध्यावर परत येते, कललेली येत नाही. हे बघायला दोन मिनिटं पुरली असती. माझ्याकडे चार दिवस होते.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना आधी प्रमादाचं नाव घेतलं आहे, हे आपण दरवर्षी दशलक्षणात ऐकतो. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. माझ्या मनात खडीबद्दल राग नव्हता, तिला इजा करायची इच्छा तर नव्हतीच. बेसावधपणा मात्र होता. आणि त्याच ग्रंथात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत, त्यातला पहिला आहे बंध, म्हणजे कोंडणं-बांधणं. आपण हे वाचताना बैल, घोडे डोळ्यांपुढे आणतो. दिवाणखान्यातला पिंजरा आपल्याला आठवत नाही. उंदीर हा पाच इंद्रियांचा आणि मन असलेला जीव आहे. २०११ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की नळकांड्यात अडकलेला सोबती दिसला की उंदीर दार उघडून त्याला सोडवतो, आणि शेजारी चॉकलेट ठेवलं तरी पुष्कळदा ते त्याच्यासाठी मागे ठेवतो. अशा जीवाला आपण कोंडलं, तर त्याची काळजी घेणं हे पुण्य कमावणं नाही, ते आपलं देणं आहे.

म्हणून कोणत्या लक्षणांना "असू दे" म्हणायचं नाही, ते सांगते.

मान कलणं, गोल फिरणं, लोळणं: त्याच दिवशी डॉक्टर.

श्वास. उंदीर शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण ७० ते ११५ श्वास घेतो, त्यामुळे भरभर श्वास बघून घाबरू नका. पण कुशी आत ओढल्या जात असतील, छातीत घरघर किंवा टकटक आवाज येत असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर थांबू नका. बहुतेक पाळीव उंदरांच्या शरीरात श्वसनाचा आजार करणारा मायकोप्लाझ्मा हा जंतू असतोच, आणि ताण, धूळ, धूर मिळाला की तो डोकं वर काढतो. माझी दुसरी चूक इथेच होती. पिंजरा देवघराशेजारी होता. रोजचा धूप, उदबत्ती, पलीकडे स्वयंपाकघरातली मिरचीची फोडणी. आपल्याला ठसका लागतो तर त्या एवढ्याशा फुप्फुसाचं काय होत असेल! पिंजरा धुरापासून लांब ठेवा. खाली लाकडाचा भुस्सा नको, कागदाचे तुकडे किंवा सुती फडकी घाला आणि ती वरचेवर बदला. लघवीचा उग्र वास साठला की तोही छातीला लागतो.

डोळ्या-नाकाभोवती लाल. हे बहुधा रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतला लालसर स्राव असतो. एखाद्या वेळी दिसला तर ओल्या कापसानं पुसा आणि लक्ष ठेवा. रोज दिसू लागला तर उंदीर आजारी किंवा ताणात आहे, असं समजा.

घशात अडकणं. उंदराला उलटी करता येत नाही. चिकट काही खाल्लं की हनुवटी छातीशी नेतो, लाळ गळते, पुढच्या पायांनी तोंड ओरबाडतो. तेव्हा पाणी पाजू नका. चिकट लाडू, शेंगदाण्याचं लोणी, मऊ पोळीचा गोळा हे देऊच नका.

उन्हाळा. आपल्या सांगलीकडचा वैशाख तुम्हाला सांगायला नको. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो शेपटीतून बाहेर टाकतो. पसरून पडला, मलूल झाला, लाळ गळू लागली तर गार सावलीत न्या, अंगाला साध्या पाण्याचा हात फिरवा आणि डॉक्टर गाठा. बर्फाचं पाणी नको. आमच्याकडे पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवला होता, दुपारभर दोघी त्यावर पालथ्या पडून असायच्या.

मागचे पाय ओढणं, पुढच्या पायात दाणा न धरता येणं, अंगावर गाठ. ही म्हातारपणाकडची दुखणी. उंदराचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं, त्यामुळे दीड वर्षानंतर यासाठी तयारी ठेवा. मादीला स्तनांच्या गाठी पुष्कळदा होतात. त्या बऱ्याचदा कर्करोगाच्या नसतात आणि लहान असताना काढता येतात.

उंदीर स्वतःचं दुखणं लपवतो. रानात जो दुबळा दिसला तो संपला, म्हणून. तेव्हा आठवड्यातून एकदा त्याचं वजन करा. मी डाळ मोजायचा जुना काटा त्यासाठीच वेगळा काढला. वजन उतरू लागलं तर काहीतरी बिनसलं आहे. चेहराही बघायला शिका. कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ सालीच चेहऱ्यावरून उंदराची वेदना ओळखायची मोजपट्टी प्रसिद्ध केली. डोळे बारीक होतात, नाक आणि गाल चपटे दिसतात, कानांची ठेवण बदलते. घरातल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. मूल शाळेतून आल्यावर उंबऱ्यातच कळतं आपल्याला, आज काहीतरी झालंय.

आणि एक. घरी जे दिसतं ते डॉक्टरांकडे गेल्यावर दिसत नाही, भीतीनं उंदीर दगडासारखा बसतो. म्हणून मोबाइलवर चित्रण करून न्या. जाण्याआधी फोन करून विचारा, उंदीर बघता का. सगळे डॉक्टर बघत नाहीत. घरातली तापाची गोळी चुरून देऊ नका. हाताळल्यावर मुलांना साबणानं हात धुवायला लावा, चावला तर जखम धुवून आपल्या डॉक्टरांनाही दाखवा.

आता दोन अवघड प्रश्न.

पहिला मला स्वाध्यायाच्या वर्गात विचारला गेला. "एका उंदरासाठी औषध देऊन लाखो जंतू मारायचे, ही कसली अहिंसा?" मला हा प्रश्न खोटा वाटत नाही. पण विचारणाऱ्या वहिनींना मी म्हटलं, मागच्या पावसाळ्यात तुमच्या नातवाला न्यूमोनिया झाला तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला होता का? गृहस्थाला संकल्पी हिंसा सोडायची आहे. जगण्यातली, रक्षणातली हिंसा कमीत कमी करायची आहे, ती पूर्ण टळत नाही म्हणूनच आपण अणुव्रती आहोत. स्वतःच्या माणसाला औषध आणि मुक्या जीवाला मात्र शास्त्रार्थ, हे मला पटत नाही.

दुसरा प्रश्न साखरेनं विचारला. यंदा श्रावण संपता संपता तिला पुढच्या पायात भाताचं शीतसुद्धा धरता येईना. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीला गाठ असावी, वय झालंय, बरी होणार नाही. त्यांनी इंजेक्शन देऊन शांत करण्याचा पर्याय सांगितला. आम्ही नको म्हटलं. वेदना कमी करणारं औषध मात्र मागून घेतलं. मऊ वरण-भात चमच्याच्या टोकावर, तासातासानं. आमचा चौविहार असतो, पण ती रात्रीचीच जागणारी. तिला मी रात्री अकरालाही भरवलं, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. नियम मी घेतला आहे, तिनं नाही.

शेवटी शेवटी तिनं चमच्याकडे तोंड फिरवलं. तेव्हा भेटायला आलेल्या एक काकू हात जोडून म्हणाल्या, "पुण्यवान जीव बघ, सल्लेखनाच घेतली तिनं. आता काही देऊ नकोस." मैत्रिणींनो, भाव चांगला होता, पण मी ते ऐकलं नाही, आणि तुम्हीही ऐकू नका असं मला कळकळीनं सांगायचं आहे. पुराणांत व्रत घेणाऱ्या तिर्यंचांच्या कथा आहेत, त्या मला पूज्य आहेत. पण तिथे त्या जीवाला बोध झालेला असतो. सल्लेखना समजून, शांत मनानं, स्वतःच्या इच्छेनं घेतली जाते. वेदनेनं तोंड उघडत नाही म्हणून उपाशी राहिलेला जीव व्रतस्थ नसतो, आजारी असतो. त्याच्या उपासाला आपण मोठं नाव दिलं, तर आपलाच आळस झाकला जातो. अन्नपाण्यापासून रोखणं हाही त्या पाच अतिचारांतलाच एक आहे.

इंजेक्शन नको म्हटलं ते बरोबर केलं का? शेवटचे दोन दिवस तिला फार जड गेले. मी आजही छातीठोकपणे हो म्हणत नाही. एवढंच म्हणते, की मरण द्यायचं नाही असं ज्यानं ठरवलं, त्यानं रात्री उठून उशाशी बसायची तयारी ठेवली पाहिजे. "आम्ही मारत नाही" असं म्हणून पिंजऱ्यावर फडकं टाकून झोपायला जाणं, याला मी अहिंसा म्हणणार नाही.

साखर अठराव्या दिवशी पहाटे गेली. वाकड्या मानेची खडी तिच्या अंगाला अंग लावून बसली होती. लेकीनं बागेत जास्वंदीखाली खड्डा केला.

म्हणून माझं शेवटचं सांगणं. मुलांना उंदीर विकत आणू देऊ नका. आपण एक विकत घेतला की दुकानदार त्या जागी दुसरा आणतो, यात दया होत नाही, व्यापार होतो. पण भाच्यासारखा कुणी आणून दारात ठेवलाच, तर दारही लावू नका. एकटा ठेवू नका, त्याला सोबत लागते. दोन ठेवा, पण दोन्ही माद्या किंवा दोन्ही नर, नाहीतर २१ ते २३ दिवसांत घरात डझनभर पिल्लं होतील आणि मग त्यांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहील. मांसाशिवाय त्यांचं छान चालतं. ज्वारी, बाजरी, शिजवलेली डाळ, सोयाबीन, काकडी द्या. कच्ची कडधान्यं देऊ नका. आणि रोज पाच मिनिटं नुसतं बघत बसा. हातात मोबाइल न घेता.

यंदा क्षमावाणीच्या दिवशी आम्ही बस्तीतून आलो, घरातल्या मोठ्यांना नमस्कार केला, फोन झाले. मग लेकीनं खडीला हातावर घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. काही बोलली नाही. खडी वाकड्या मानेनं माझ्याकडे बघत होती. मी हात जोडले.

उत्तम क्षमा.